१४ दिसली, ११ निघाली, ७ ठेवली: तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार,

पुढे कधी मूल हवं झालं तर वापरता यावीत म्हणून तुम्ही आमच्याकडे स्वतःची स्त्रीबीजं फ्रीझ करून, म्हणजे गोठवून ठेवलीत. त्यानंतर तुम्ही आम्हाला दोन स्टार दिलेत आणि चार तक्रारी लिहिल्यात. सोनोग्राफीत १४ बीजं दिसत होती, भुलीतून उठल्यावर सिस्टरने ११ सांगितली आणि संध्याकाळी फोनवर ७ फ्रीझ केल्याचं कळलं, “मग बाकीची गेली कुठे?” खर्च पावणेदोन लाख सांगितला, बिल सव्वादोनच्या वर गेलं. रिसेप्शनवर सगळ्यांदेखत “मिस्टर आलेत का बरोबर?” असं विचारलं. आणि आधी वयाची भीती घातली, आता दुसऱ्या सायकलचं, म्हणजे इंजेक्शनं आणि बीजं काढणं पुन्हा एकदा करायचं सुचवतात, म्हणजे धंदाच. हे केंद्र माझं आहे आणि तुमचं पिकअपही, म्हणजे बीजं बाहेर काढण्याचं कामही, मीच केलं, म्हणून उत्तर मीच लिहिते आहे.

तुमचं वय, एएमएच (बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी), रिपोर्ट यातलं काहीही मी इथे लिहिणार नाही. आकडे वापरेन ते फक्त तुम्ही स्वतः लिहिलेले. ठाण्यात कोण कुणाच्या ओळखीचं निघेल सांगता येत नाही, आणि फाईलमधलं फाईलमध्येच राहिलं पाहिजे. त्यामुळे माझी बाजू कुठे अपुरी वाटली तरी हरकत नाही.

रिसेप्शनचं आधी घेते, कारण तिथे सांगण्यासारखं काही कारणच नाही. चूक झाली. एकटीने येऊन, रजा काढून, घरी कदाचित कुणाला न सांगता एखादी मुलगी दारात उभी राहते आणि तिला पहिला प्रश्न हा! २०२१ च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्याप्रमाणे २१ वर्षांवरची आणि ५० च्या आतली कोणतीही स्त्री, लग्न झालेलं असो वा नसो, स्वतःच्या सहीने हे करून घेऊ शकते. नवऱ्याची किंवा वडिलांची सही लागत नाही. हे आमच्या डेस्कवर बसणाऱ्या माणसाला पहिल्या दिवशी माहीत असायला हवं होतं आणि ते शिकवण्याची जबाबदारी माझी होती. नोंदणीच्या फॉर्मवरचा “पतीचे नाव” हा रकाना आम्ही काढला आहे. आता तिथे “तातडीच्या वेळी कुणाला कळवू?” एवढंच विचारलेलं आहे. तुमची मनापासून माफी मागते.

आता १४, ११ आणि ७. तुमच्या रागाचं मूळ इथे आहे, आणि तुमच्या जागी मी असते तर मीही हेच विचारलं असतं.

सोनोग्राफीत बीज दिसत नाही. दिसतात त्या फॉलिकल, म्हणजे पाण्याने भरलेल्या लहान पिशव्या. बीज जेमतेम मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं असतं, ते त्या पडद्यावर कुणालाच दिसायचं नाही. पिकअपच्या वेळी प्रत्येक पिशवीतलं पाणी सुईने ओढून घेतो आणि लॅबमध्ये त्यात बीज शोधतात. काही पिशव्यांतून बीज येतच नाही. म्हणून १४ ची ११ झाली.

पण त्या ११ मध्ये पक्व किती, हे त्या क्षणी लॅबलाही माहीत नसतं. बीजाभोवती पेशींचं दाट आवरण असतं. ते काही वेळाने अलगद साफ केलं की मगच बीज स्पष्ट दिसतं. पक्व बीजाने आपली निम्मी गुणसूत्रं एका बारीकशा कणात बाहेर टाकलेली असतात आणि तो कण कडेला चिकटलेला दिसतो. तो दिसला तर बीज शुक्राणूला सामावून घ्यायला तयार. नसेल तर ते अजून कच्चं आहे. कच्चं बीज फ्रीझ करून तुमच्याकडून साठवणुकीचे पैसे घेत राहणं, हे मला फसवणुकीसारखं वाटतं. पक्व नसलेली चार आम्ही ठेवली नाहीत ती म्हणून. कुणाला दिली नाहीत, कुठे पाठवली नाहीत. तुमच्या लेखी संमतीशिवाय ते करताच येत नाही.

लॅबच्या नोंदीत अकराच्या अकरा बीजांचा हिशेब आहे, प्रत्येकापुढे पक्व की अपक्व आणि दोघांच्या सह्या. त्याची प्रत मागण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

तरीही दोष आमचाच, कारण हे सगळं मी तुम्हाला आत्ता सांगते आहे. प्रत्येक सोनोग्राफीला मी “चौदा छान वाढतायत” म्हणत होते आणि तुम्ही मनात चौदा बीजं मोजत होतात. भुलीतून धड बाहेर न आलेल्या पेशंटला सिस्टरने ११ हा आकडा सांगायलाच नको होता. आता आमच्याकडे पक्व बीजांचा आकडा नक्की झाल्याशिवाय कुणीही संख्या सांगत नाही, आणि ती मी स्वतः सांगते.

एक शंका तुम्ही शेवटी ओझरती लिहिली आहे, पण ती खूप जणींना असते म्हणून थांबते: इतकी बीजं एकदम काढली, तर साठा लवकर संपेल का? नाही. दर महिन्याला बीजांचा एक गट वाढायला लागतो, त्यातलं साधारण एक पुढे जातं आणि बाकीची आपोआप विरून जातात. दहा-बारा दिवसांची इंजेक्शनं त्या विरून जाणाऱ्यांना वाढवतात. पुढच्या महिन्यांच्या वाट्याचं आम्ही काही घेत नाही.

बिलाबद्दल. इंजेक्शनचा डोस शरीराच्या प्रतिसादाप्रमाणे मध्येच वाढवावा लागतो, त्यामुळे औषधांचा खर्च आधी नेमका सांगता येत नाही. पण डोस वाढवला त्याच दिवशी “एवढे वाढतील” असा फोन करता येत होता, आणि तो आम्ही केला नाही. साठवणुकीचं वार्षिक शुल्क तर अंदाजपत्रकाच्या मागच्या पानावर होतं. ते आता पुढच्या पानावर, एकूण रकमेच्या वरच लिहिलेलं आहे. तुमच्या पहिल्या दोन वर्षांच्या साठवणुकीचे पैसे आम्ही परत करतो आहोत. त्यासाठी रिव्ह्यू बदलायची अट नाही.

वयाच्या भीतीबद्दल मात्र मी माझं म्हणणं सोडणार नाही. बॉस्टनच्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये एक गणित मांडलं: पक्व बीजं २० ठेवली, तर पुढे किमान एक मूल होण्याची शक्यता ३४ व्या वर्षी ठेवली असता सुमारे ९० टक्के, ३७ व्या वर्षी ७५ टक्के आणि ४२ व्या वर्षी ३७ टक्के. तो अंदाज आहे, हमी नव्हे. पण उतार किती वेगाने येतो ते त्यातून कळतं. बीज कधी वापरलं यापेक्षा ते कोणत्या वयात ठेवलं यावर बरंच काही अवलंबून असतं. उणे १९६ अंशांच्या नायट्रोजनमध्ये ते जसं ठेवलं तसं राहतं, लाइट गेली तरी राहतं, कारण टाकी विजेवर चालत नाही. पण ठेवण्याआधीचं वय मला मागे नेता येत नाही. सात बीजांवर “झालं, आता निश्चिंत राहा” असं म्हणणं मला सोपं होतं, तुम्ही आनंदाने पाच स्टारही दिले असतेत. आणि मग काही वर्षांनी त्या सातांतून काही हाती लागलं नाही, तर तेव्हा तुम्ही मला विचारलं असतंत, आधी का नाही सांगितलंत? म्हणून दुसरी सायकल सुचवली. ती कुठेही करा. आमच्याकडेच करायला हवी असं मुळीच नाही, आणि तुमची सात बीजं दुसऱ्या नोंदणीकृत केंद्रात हलवायची असतील तर त्याची कागदपत्रं आम्ही करून देऊ.

चुकलं ते एवढंच की पहिल्या भेटीत दहा मिनिटांत मी हे आकडे तुमच्यावर ओतले. बाहेर ओपीडी भरलेली होती, हे तुमच्यासाठी कारण होऊ शकत नाही.

शनिवारी दुपारी दोननंतर मी पेशंट बघत नाही. त्या वेळी तुम्ही या, हवं तर मैत्रिणीला किंवा आईला घेऊन. लॅबमध्ये बीजं हाताळणारे तज्ज्ञ, म्हणजे एम्ब्रियॉलॉजिस्टही असतील, लॅबची नोंद समोर ठेवून बसू. फी नाही. रिसेप्शनवर फक्त “डॉक्टरांनी बोलावलंय” एवढंच सांगा. नाव, कारण, काहीही विचारायचं नाही असं त्यांना सांगून ठेवलं आहे.

तुमची डॉक्टर,
केंद्राची संचालिका, नौपाडा, ठाणे