तज्ज्ञाची फी शपथपत्रात लिहा

हद्दीच्या दाव्यात खाजगी मोजणीदाराचं सरतपासाचं शपथपत्र, म्हणजे त्याला बोलावणाऱ्या पक्षकारातर्फे दिलेली लेखी साक्ष, दाखल होतं. त्यात त्याचं शिक्षण असतं, अनुभवाची वर्षं असतात, गट नंबर असतो, जांभ्याचा गडगा (हद्दीची दगडी भिंत) किती फूट सरकलाय तेही असतं. या कामाचे पैसे किती, कोणाकडून आणि कोणत्या मार्गाने घेतले, हे मात्र नसतं. दापोलीपासून सावंतवाडीपर्यंत कुठल्याही कोर्टातलं असं शपथपत्र काढून बघा.

तज्ज्ञाने फी घेणं गैर नाही. दोन दिवस उन्हात मशीन लावायचं, जुना नकाशा जुळवायचा, तारखेला कोर्टात उभं राहायचं, हे फुकट कोणी का करावं? माझं म्हणणं फीच्या लपवाछपवीबद्दल आहे. पावती एका रकमेची फाडायची, उरलेले रोखीने मध्यस्थाच्या हातून द्यायचे. किंवा भूसंपादनाच्या प्रकरणात 'मोबदला वाढला तर इतके टक्के' असं तोंडी ठरवायचं. दुसरा प्रकार जास्त घातक आहे, कारण तिथे तज्ज्ञ स्वतःच दाव्यात भागीदार होतो.

आंब्याच्या बागेचं उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते. हापूसची ४० कलमं भूसंपादनात गेली. खर्च वजा जाता एका कलमाचं वर्षाचं निव्वळ उत्पन्न ३,००० रुपये धरलं, तर बागेचं १,२०,०००. त्याला ८ ने गुणलं की ९,६०,०००. (उत्पन्नावरून फळबागेची किंमत काढताना गुणक ८ च्या वर जाऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये हरियाणा राज्य विरुद्ध गुरचरण सिंग या १८९४ च्या भूसंपादन कायद्याखालच्या प्रकरणात सांगितलं.) आता तज्ज्ञाने कलमामागे ३,००० ऐवजी ४,५०० लिहिले, तर तीच बाग १४,४०,००० ची होते. फरक ४,८०,०००. त्यावर दहा टक्के ठरले असतील तर एका आकड्याच्या बदलाने तज्ज्ञाचे ४८,००० सुटले.

आणि हा बदल खोटा दिसतच नाही. हापूस दरवर्षी सारखा धरत नाही, एका वर्षी भरपूर तर पुढच्या वर्षी कमी. तज्ज्ञाने फक्त भरपूर फळाचं वर्ष धरलं की झालं. फवारणीच्या दोन फेऱ्या कमी दाखवल्या, राखणदाराचा पगार सोडला, पेट्या आणि वाशीच्या घाऊक बाजारापर्यंतचं भाडं वगळलं, दलाली विसरली. प्रत्येक नोंद 'माझ्या मते' या दोन शब्दांखाली झाकता येते. म्हणून अहवाल वाचताना उत्पन्नाची सरासरी किती वर्षांची आणि खर्चाच्या बाबी कोणत्या, हे आधी तपासावं. संपादन करणाऱ्या बाजूचा तज्ज्ञ उलट दिशेने तेच करू शकतो. त्याच्या अहवालात जोमदार कलमं म्हातारी होतात.

मोबदल्याचा वाद महामार्गाचा असेल तर लवादाकडे जातो, इतर बहुतेक प्रकल्पांचा २०१३ च्या भूसंपादन कायद्याखालच्या प्राधिकरणाकडे. पण झाडं मोजणारी माणसं सगळीकडे तीच असतात, आणि सवयीही त्याच.

आपल्या कायद्यात यावर उपाय नाही असं नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश १६, नियम २ वाचा. साक्षीदाराला समन्स काढायचं तर त्याचा खर्च कोर्टात भरावा लागतो. त्याच नियमाचा दुसरा पोटनियम तज्ज्ञासाठी आहे: साक्षीला लागलेला वेळ आणि दाव्यासाठी केलेलं तज्ज्ञाचं काम, दोन्हींचा वाजवी मोबदला कोर्ट मंजूर करू शकतं. म्हणजे फी कोर्टामार्फत, नोंदीसकट देण्याची सोय १९०८ च्या संहितेतच आहे. ती वापरली जात नाही, कारण नियम १अ प्रमाणे साक्षीदार समन्सशिवाय आणता येतो. पक्षकार तज्ज्ञाला स्वतःच्या गाडीतून घेऊन येतो आणि पैशाचा विषय कोर्टाच्या दाराबाहेर राहतो.

शक्य असेल तिथे खाजगी तज्ज्ञापेक्षा कोर्ट कमिशनर, म्हणजे पाहणीसाठी कोर्टानेच नेमलेला माणूस, मागावा. जागेच्या पाहणीसाठी आदेश २६, नियम ९. शास्त्रीय तपासणीसाठी १९७६ च्या दुरुस्तीने आलेला नियम १०अ. नियम १५ प्रमाणे कमिशनचा खर्च कोर्टात जमा होतो. तरी एक फट राहतेच. वाडी रस्त्यापासून लांब, मग कमिशनरला गाडी कोणाची, दुपारचं जेवण कोणाकडे? कोकणात पाहुण्याला जेवल्याशिवाय कोणी सोडत नाही, त्यामागे बहुतेकदा वाईट हेतू नसतो. पण दुसऱ्या पक्षकाराला बांधावरून ते ताट दिसतं, आणि पुढे आलेल्या अहवालावर त्याचा विश्वास बसत नाही. कमिशनच्या अर्जातच प्रवास आणि जेवणखर्चाची रक्कम मागा, आणि दोन्ही पक्षांना लेखी सूचना दिल्याशिवाय पाहणी करू नये असा आदेश मागा.

समोरच्याने खाजगी तज्ज्ञ आणलाच, तर उलटतपासाच्या आधी अर्ज करा. आदेश १६, नियम ६ खाली कागद हजर करण्याचं समन्स निघतं. त्यात फीचं बिल, पावती, काम सोपवल्याचं पत्र, जागेवरची टिपणवही, यंत्रातली मूळ वाचनं मागा. टिपणवही फार बोलते. दोन तासांच्या पाहणीवर दहा दिवसांचं बिल असेल तर तिथेच कळतं.

प्रश्नांचा क्रमही महत्त्वाचा. इथे चांगले वकील चुकताना दिसतात. पहिलाच प्रश्न पैशाचा टाकला की साक्षीदार सांगतो, 'हो, फी घेतली, माझा व्यवसाय आहे', आणि विषय संपतो. आधी माप, पद्धत, खर्चाच्या बाबी पक्क्या करून घ्या. आकडा कुठे फुगला ते रेकॉर्डवर आलं की मग फी, मग याच पक्षकाराची आधीची कामं, मग निकालावर काही ठरलंय का. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १४९ खाली विश्वासार्हतेवर प्रश्न विचारता येतात. निःपक्षपातीपणावरच्या प्रश्नातली गोष्ट त्याने नाकारली, तर कलम १५६ च्या दुसऱ्या अपवादाने त्याला खोडणारा पुरावा देता येतो. लाच किंवा भ्रष्ट आमिष घेतल्याचा पुरावा कलम १५८ खाली. मात्र कलम १५२ विसरू नका: वाजवी आधाराशिवाय असा आरोपाचा प्रश्न विचारायचा नसतो. (१ जुलै २०२४ ला प्रलंबित असलेल्या दाव्यांना १८७२ चा जुना कायदाच लागू आहे, तिथे ही कलमं अनुक्रमे १४६, १५३, १५५ आणि १४९.)

अमेरिकेत संघीय न्यायालयांच्या दिवाणी नियमांत १९९३ पासून तज्ज्ञाच्या अहवालातच मोबदला लिहावा लागतो, शिवाय मागच्या ४ वर्षांत कुठे कुठे साक्ष दिली त्याची यादी. इंग्लंडच्या दिवाणी नियमांचा भाग ३५ सांगतो की पैसे कोणीही दिले तरी तज्ज्ञाचं कर्तव्य न्यायालयाशी. आपल्याकडे वकिलाला निकालावर अवलंबून फी ठरवायला बार कौन्सिलची मनाई आहे. कंपनी कायद्याखालच्या नोंदणीकृत मूल्यांककांसाठी २०१७ च्या नियमांत आचारसंहिता आहे: लेखी करारात नसलेली फी घ्यायची नाही. आंब्याची झाडं मोजणाऱ्याला किंवा सही तपासणाऱ्याला असं बंधन का नसावं, याचं पटेल असं उत्तर कोणी दिलेलं नाही.

तोपर्यंत नियमाची वाट बघू नका. वकिलांनी आपल्याच तज्ज्ञाच्या शपथपत्रात, अनुभवाच्या परिच्छेदानंतर लगेच, हा मजकूर घालावा:

'या कामासाठी मला ______ यांच्याकडून दि. ______ रोजी एकूण रु. ______ बँकेमार्फत मिळाले. पावती सोबत जोडली आहे. कोर्टातील प्रत्येक दिवसासाठी रु. ______ ठरले आहेत. याशिवाय रोख रक्कम, प्रवास, निवास किंवा वस्तू मी घेतलेली नाही, घेतली असल्यास तपशील असा: ______. माझा मोबदला दाव्याच्या निकालावर किंवा मिळणाऱ्या रकमेवर अवलंबून नाही. या पक्षकारासाठी किंवा त्यांच्या वकिलांसाठी मी मागील ४ वर्षांत ______ अहवाल दिले आहेत.'

हे लिहायला जो तज्ज्ञ तयार नसेल, त्याला साक्षीदारांच्या यादीत घालू नका. यादी कोर्टाने वादाचे मुद्दे काढल्यापासून १५ दिवसांत द्यायची असते, तेव्हा हे त्याला पहिल्याच भेटीत विचारा.