माझी बिजागरी

माझ्या जबड्याचा आवाज घरात सगळ्यात आधी ऐकू आला तो सासूबाईंना. ज्यांना दाराची बेल ऐकू येत नाही, कुकरच्या सात शिट्ट्या ऐकू येत नाहीत, त्यांना. रविवारी दुपारी जेवताना त्या म्हणाल्या, "भातात खडा आला का गं?" मी भाताला अजून हातही लावला नव्हता. तोंडात भाकरी होती. पुन्हा चावली. कट्.

"हा बघ, अजून एक."

पुढचे पंधरा दिवस मी प्रत्येक घासाबरोबर पापड खाल्ला. पापडाच्या आवाजात बाकीचं खपून जातं. मग एका सकाळी ब्रश करायला तोंड उघडलं तर ते अर्ध्यातच थांबलं. दुखलं नाही, नुसतं अडलं. पावसाळ्यात फुगलेला कपाटाचा खण कसा डावी-उजवीकडे हलवून ओढावा लागतो, तशी मी हनुवटी हलवली. कट्. उघडलं. आरशात नीट बघितलं तर हनुवटी खाली जाताना आधी डावीकडे वळसा घेत होती आणि कट् झाल्यावर गुमान मध्यावर येत होती. खड्डा चुकवणारी रिक्षा जशी.

दातांच्या डॉक्टर माझ्या मुलीहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. "काकू, तीन बोटं उभी घाला बघू दातांमध्ये." माझी दोनच गेली. मग त्यांनी पट्टी लावली. मोठ्या माणसाचं तोंड साधारण 40 ते 50 मिलिमीटर उघडतं. माझं कट् होण्याआधी भरलं 26. आयुष्यभर 'तुझं तोंड फार मोठं' हे ऐकत आले होते, त्याचा हा लेखी निकाल.

"आता सवयी सांगा. सुपारी?" नाही. "च्युइंगम? फोन खांद्याला धरून बोलणं?" नाही, कधीकधी. "रात्री दात खाता?"

"रात्री नाही," मी म्हटलं, "दिवसा. सोसायटीची सेक्रेटरी आहे मी."

डॉक्टरांनी लिहून घेतलं.

माझी अशी समजूत होती की जबडा म्हणजे ट्रंकेचं झाकण. मागे बिजागरी, पुढे कडी. डॉक्टरांनी प्लॅस्टिकची कवटी हातात घेऊन ती समजूत मोडीत काढली. कानाच्या अगदी पुढे कवटीला एक खोबण आहे, तिच्यात खालच्या जबड्याचं गोल टोक बसतं. तोंड उघडायला लागलं की पहिले 20-25 मिलिमीटर ते टोक जागच्या जागी फिरतं. इथवर बिजागरी. त्याहून मोठा 'आ' करायचा तर टोक खोबणीतून निघतं आणि समोरच्या उंचवट्यावरून पुढे घसरतं. म्हणजे दार उघडता उघडता त्याचा खण होतो! दोन्ही हाडं एकमेकांवर घासू नयेत म्हणून मधे एक चिवट चकती असते. ती टोकाच्या डोक्यावर टोपीसारखी बसते आणि त्याच्याबरोबर पुढे-मागे जाते. माझ्या डाव्या बाजूची टोपी पुढे सरकली आहे. तोंड उघडताना टोक तिच्याखाली परत शिरतं, तो कट्. शिरलं नाही, तर तोंड अर्ध्यावर. आणि दोन्ही बाजूंचं हाड एकच, त्यामुळे डावीकडच्या सांध्याचा रुसवा उजवीकडच्यालाही सांभाळावा लागतो. एकत्र कुटुंबच म्हणायचं.

घरी येऊन मी हे जेवणाच्या टेबलावर समजावून सांगितलं. "कानाच्या पुढे बोटं ठेवा. हळूहळू तोंड उघडा. आधी गोळी फिरतेय? आता पुढे पळाली? मागे खड्डा पडला?" नवरा, मुलगी, सासूबाई आणि मी, चौघं समोरासमोर, कानांशी बोटं, तोंडं सताड उघडी. नेमक्या त्याच वेळी भांड्यांच्या मावशी आत आल्या. क्षणभर उभ्या राहिल्या, मग न बोलता स्वयंपाकघरात गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलीला हळूच विचारलं, "कुठल्या महाराजांचं आहे?"

मुलीने मोबाइलवर आणखी शोधलं. जांभईसुद्धा जपून द्यायची, कारण ते टोक उंचवट्याच्या पार पुढे जाऊन अडकलं तर स्नायू आवळतात आणि तोंड मिटतच नाही. मग डॉक्टर अंगठ्यांना कापड गुंडाळून ते दाढांवर ठेवतात आणि जबडा खाली दाबून मागे ढकलतात. कापड अशासाठी, की टोक जागेवर बसलं की तोंड खाडकन मिटतं. सुमारे 3600 वर्षांपूर्वीच्या इजिप्तमधल्या एडविन स्मिथ पपायरस नावाच्या वैद्यकीय हस्तलिखितातही असंच सांगितलंय, अंगठे तोंडात, बोटं हनुवटीखाली. "बघ आई, पिरॅमिडवाल्यांचेही निसटायचे," ती म्हणाली. मला बरं वाटावं म्हणून. तेव्हापासून मी हनुवटीखाली मूठ धरून जांभई देते. लोकांना वाटतं, विचारात आहे.

औषध फारसं नाहीच. मऊ खा, शेक घ्या, आणि मुख्य म्हणजे ओठ मिटलेले, दात सुटे. दातांनी एकमेकांना भेटायचं ते चावताना आणि गिळताना, एरवी नाही. ऐकायला सोपं आहे. पण सोसायटीच्या मीटिंगमध्ये टँकरच्या बिलावरून वाद पेटला आणि माझ्या लक्षात आलं की दात न आवळता चिडताच येत नाही. करून बघा. राग नुसता घशापर्यंत येतो आणि टेकायला जागा नाही म्हणून परत जातो. त्या दिवशी दोन नंबर विंगच्या पार्किंगचा ठराव मंजूर झाला. माझा विरोध होता.

आणि मग दिवाळी आली. म्हणजे चकली, कडबोळी, कडक शेवेचे लाडू. डब्याचं झाकण उघडलं तसे सगळे माझ्याकडे बघायला लागले. सासूबाईंचं वय 82, वरची-खालची कवळी. त्यांनी कडबोळं उचललं, कवळी जिभेने सारखी केली आणि कडकड फोडलं.

"माझे दात रात्री पेल्यात असतात," त्या म्हणाल्या, "पण बिजागरी शाबूत आहे हो."

माझ्यासमोर मऊ भात होता, वर तुपाची धार. मी चकलीकडे बघत राहिले. त्यांना दया आली असावी. त्यांनी एक चकली माझ्या चहात बुडवली, चांगली दोन मिनिटं ठेवली, चमच्याने बाहेर काढून बशीत घातली आणि पुढे सरकवली. पार लोळागोळा झालेली.

मी तोंडात घातली. कट्.

"खडा होता का गं?"