दोष एकट्या कामगारांचा कसा?

इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरातला लाँगब्रिजचा मोटार कारखाना कामगारांच्या संपांमुळे बुडाला, हे लेखातील विधान अर्धेच खरे आहे. सत्तरच्या दशकात तिथे वारंवार संप झाले, हे मान्यच. परंतु तिथे बनणाऱ्या ‘मिनी’ या छोट्या मोटारीच्या १९५९ च्या पहिल्या गाड्यांत पावसाचे पाणी शिरून पायाखालचे गालिचे भिजत, ते तळाच्या पत्र्यांचे जोड मूळ आराखड्यातच चुकीच्या दिशेने असल्यामुळे, ते जोडणाऱ्या हातांमुळे नव्हे. बर्मिंगहॅममध्ये आमच्या शेजारी राहणारे, त्याच कारखान्यातून निवृत्त झालेले आजोबा हे सांगताना अगदी चिडून उठत.

शिवाय हा कारखाना चालवणारी, २००० साली अवघ्या १० पौंडांना विकली गेलेली एमजी रोव्हर कंपनी २००५ मध्ये बंद पडून सुमारे ६,००० जण बेकार झाले, तोवर वरच्या पाच जणांनी वेतन व निवृत्तिवेतनापोटी सुमारे ४.२ कोटी पौंड घेतले होते. लेखात याचा उल्लेखही नसावा, याचे आश्चर्य वाटते.