खाल्ल्या मिठाचा हिशेब

काका, सलाम.

तुमची प्रतिक्रिया घरात मोठ्याने वाचून झाली. आमच्या ह्यांचं म्हणणं पडलं की उत्तर देऊ नकोस, वडीलधारे आहेत, विषय तिथेच मिटू दे. पण वडीलधाऱ्या माणसाने एवढं मनापासून लिहावं आणि आपण नुसते हात जोडून मोकळं व्हावं, हे मला जमत नाही.

मागचा लेख ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, सुवार्ता फेरीला (गावोगाव हिंडून ख्रिस्ताविषयी सांगायला) मी आता जात नाही, पत्रिका वाटत नाही, असं मी लिहिलं होतं. रात्रीच्या घरच्या प्रार्थनेत शेजाऱ्यापाजाऱ्यांची नावं पूर्वी 'प्रभू, यांचं तारण कर' म्हणून यायची, ती आता उपकारस्तुतीत येतात, असंही लिहिलं होतं. काका स्वतः आयुष्यभर नेवासे-शेवगावकडच्या खेड्यांतून सुवार्तिक म्हणून हिंडले आहेत. त्यांचं म्हणणं असं: तुम्ही खाल्ल्या मिठाला जागला नाहीत. मिशन नसतं तर तुमच्या घराण्यात कुणाला अक्षर आलं नसतं. चहाबद्दल, पावसाबद्दल, शेजारणीच्या डब्याबद्दल आभार कोणीही मानतो, त्यात ख्रिस्त कुठे आला? आणि खरं कारण सांगा, तुम्ही घाबरलात.

भीतीचं आधी उरकते. भीती आहे, नाही कशाला म्हणू? पत्रिका वाटणाऱ्या पोरांना घेरून त्यांचं मोबाईलवर चित्रीकरण करतात, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलं असेल. पण धर्मांतरविरोधी कायदे काल-परवा आलेले नाहीत. ओडिशाचा 1967 चा आहे, मध्य प्रदेशचा पहिला 1968 चा. प्रचाराच्या हक्कात दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्येच सांगून ठेवलं. त्यानंतरही मी पिशवीत मार्काचं शुभवर्तमान घेऊन जत्रांमधून हिंडले आहे आणि लोकांचं ऐकून घेतलं आहे. तेव्हा भीतीने थांबले नाही. आताही कारण ते नाही.

मिठाचं मात्र सावकाश बोलू.

माझे पणजोबा 1899-1900 च्या दुष्काळात नगरला अमेरिकन मराठी मिशनच्या आश्रयाला आलेलं पोर. आईबाप वाटेतच गेले. मिशनने त्यांना भाकरी दिली, लिहायला-वाचायला शिकवलं, सुतारकी हातात दिली. आमच्या घरात जे काही आहे त्याचं मूळ तिथे आहे आणि ते मी कधीही नाकारलेलं नाही. बाहेरचे लोक आम्हाला 'पोटासाठी बाटलेले' म्हणतात तेव्हा माझं डोकं फिरतं ते याचसाठी. उपाशी पोराने भाकरी खाल्ली हा काय गुन्हा झाला? पण काका, तुम्हीही तीच भाकरी माझ्यापुढे बिलासारखी ठेवता. बाहेरच्यांचं म्हणणं, तुझ्या पणजोबाने भाकरीचे दाम धर्म देऊन चुकवले. तुमचं म्हणणं, दाम अजून बाकी आहेत, फेरीला येऊन चुकते कर. भाकरी उधारीची होती यावर मात्र तुमचं दोघांचंही एकमत दिसतं.

ती ज्यांनी दिली त्यांना तरी असं वाटत होतं का? त्या काळात नगरला मदतीचं काम उभं करणाऱ्यांत रॉबर्ट ह्यूम होते. मिशनरी आईबापांच्या पोटी 1847 मध्ये मुंबईत जन्मलेले, म्हणजे तसे इथलेच. दुष्काळातल्या कामासाठी सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिलं, हे आपल्याकडे अभिमानाने सांगतात. त्याआधीची गोष्ट फारसं कोणी सांगत नाही. 1886 च्या सुमारास रजेवर अमेरिकेत असताना ह्यूमसाहेब म्हणाले, की ज्यांच्या कानावर ख्रिस्ताचं नाव कधी पडलंच नाही, त्यांना मृत्यूनंतर तरी संधी मिळेल अशी आशा ठेवायला जागा आहे. केवढा गहजब झाला! असं शिकवलं तर मिशनकार्याचं बळच जाईल, मग लोक कशाला वर्गणी देतील आणि तरुण कशाला परदेशी जातील, असा विरोधकांचा सूर होता. या माणसाला हिंदुस्थानात परत पाठवावं की नाही यावर मिशनचं अमेरिकेतलं बोर्ड अडून बसलं. परवानगी मिळाली 1887 मध्ये. ती नाकारली असती तर आमच्या पणजोबांच्या वेळी नगरला कोण असतं कोण जाणे.

तेव्हा 'जुना, भक्कम विश्वास' म्हणून तुम्ही जो मला दाखवता, त्याच्या आतच ही भांडणं चालू होती. माझ्या पिढीने सैलपणा आणला असं समजू नका.

जस्टिन अ‍ॅबट घ्या. 1881 पासून 1910 पर्यंत याच अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केलं. आपल्या लोकांना तारण सांगायला आलेला हा माणूस पुढे अमेरिकेत बसून, अगदी म्हातारपणापर्यंत, एकनाथ, तुकाराम, बहिणाबाई आणि महिपतीने लिहिलेली संतचरित्रं इंग्रजीत नेत राहिला. पंढरपूरकडचं जे ऐकलं ते आपल्या माणसांना सांगावंसं त्याला वाटलं. मिशनच्या अहवालात या कामाला कोणता रकाना असेल? मला वाटतं, ती त्याची उपकारस्तुती होती. हे माझं मत, पुरावा मागू नका.

आणि टिळक. ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं नाव तुम्हीच प्रतिक्रियेत माझ्याविरुद्ध साक्षीदार म्हणून काढलंत, म्हणून लिहिते. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या माणसाने 1917 मध्ये मिशनचा पगार सोडला, संन्यास घेतला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. 1919 मध्ये ते गेले, दरबाराला वेळच मिळाला नाही. पण पगार सोडताना त्यांनी ख्रिस्त सोडला असं म्हणायची तुमची तयारी आहे का? नसेल, तर मी पत्रिका सोडल्या म्हणून माझी वासलात इतक्या लवकर लावू नका.

आता तुमच्या त्या टोचणाऱ्या वाक्याकडे येते, 'आभार तर कोणीही मानतो'. कोणीही मानत नाही, काका. निदान आपण मानत नव्हतो. आपल्या लोकांना आभार मानायची सवय लावली गेली ती वरच्यांचे मानायची. साहेबांचे, मडमेचे, बोर्डाचे, परदेशातल्या त्या अनोळखी दात्याचे. दुष्काळातल्या पोरांचे फोटो छापले जात, आधी हाडांचा सापळा आणि मग धुतलेल्या कपड्यांत उभं केलेलं पोर. त्या पोराने कृतज्ञ दिसणं हे त्याचं कामच होतं. 1910 मध्ये एडिंबरोला जगभरच्या मिशनांची परिषद भरली. सुमारे 1200 प्रतिनिधी, त्यात हिंदुस्थानी मूठभर. तिथे दक्षिण भारतातले पाळक व्ही. एस. अझरिया उभे राहिले आणि त्यांनी आधी आभारच मानले. तुम्ही गरिबांना आपलं सर्व दिलंत, आपली शरीरं जाळायलाही दिलीत. आणि मग म्हणाले, आम्हाला प्रेमही हवं आहे, आम्हाला मित्र द्या. किती जणांना ते झोंबलं! आभार मानणाऱ्याने पुढे असं काही मागायचं नसतं ना.

वरच्यांचे आभार मानण्यात आपण इतके गुंतलो की शेजारच्यांचे मानायचे राहूनच गेले. शेजाऱ्यांकडून आपल्याला काही घ्यायचं असतं हेच आपल्या हिशेबात नव्हतं. ते सुवार्तेसाठीचं 'पिकलेलं शेत' होते. माझ्या प्रार्थनेच्या वहीत समोरच्या काकूंच्या नावापुढे नोंद होती, 'पत्रिका दिली. घेतली. वाचली नसावी.' पुढे ह्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, मी दवाखान्यात, मुलगा परगावी. तेव्हा रोज दोन वेळचा डबा त्या काकूंकडून आला. ह्यांचा बिनमिठाचा वेगळा, माझा वेगळा. आमच्या मंडळीची माणसंही आली, प्रार्थना करून गेली, त्यांचंही मोल आहे. पण भाजीत काय चालतं आणि काय नाही हे काकूंनी डॉक्टरांना विचारून घेतलं होतं, आम्हाला न सांगता. त्यांच्या नावापुढे आता काय लिहायचं, हा मला प्रश्न पडला. 'वाचली नसावी' तर खरंच होतं!

तुम्ही विचाराल, यात ख्रिस्त कुठे? लूककृत शुभवर्तमानाचा सतरावा अध्याय तुम्ही किती वेळा उपदेशाला घेतला असेल. दहा कुष्ठरोगी बरे झाले, परत येऊन पाया पडला तो एकच, आणि तो शोमरोनी, यहुद्यांच्या लेखी परका. आपण हा उतारा नेहमी उरलेल्या नऊ जणांना रागे भरायला वापरतो. मी अलीकडे दुसरंच पाहते. येशूने त्या शोमरोन्याला 'आता यरुशलेमेला ये' म्हटलं नाही, शिष्यांत नाव घातलं नाही. तुझ्या विश्वासाने तुला बरं केलं म्हणाला आणि ऊठ, जा म्हणाला. तो आपल्या गावी गेला असेल, शोमरोनीच राहिला असेल. यात ख्रिस्त नाही असं तुम्ही म्हणाल का?

जोतीराव फुल्यांचंही तसंच. नगरला मिस सिंथिया फेरार यांची मुलींची शाळा त्यांनी पाहिली आणि 1848 मध्ये पुण्यात आपली काढली. मिशनऱ्यांचं ऋण मोकळेपणाने मान्य केलं, बाप्तिस्मा मात्र घेतला नाही. फेरारबाई 1862 मध्ये नगरलाच वारल्या. त्यांच्या पस्तीस वर्षांच्या कामाची फळं मोजायला बसलात तर फुल्यांना कोणत्या रकान्यात घालाल? बाप्तिस्म्याच्या तर नाहीच.

माझी आजी बायबल बाई, म्हणजे गावोगाव बायबलातल्या गोष्टी सांगणारी मिशनची बाई होती, हे तुम्हाला माहीत आहे. म्हणूनच 'आजीला काय वाटेल' असंही तुम्ही लिहिलंत. तिचीच एक गोष्ट सांगते. माझ्या माहेरच्या गावी सुगीच्या उपासनेला लोक भोपळे, अंडी, कोंबड्या, शेवग्याच्या शेंगा आणायचे, मग लिलाव. एकाने नारळ चढ्या बोलीने घ्यायचा आणि पुन्हा लिलावाला परत द्यायचा, असं तीनतीनदा. त्या ढिगात दरवर्षी बाजरीचं एक पोतं पाटलांच्या वाड्यावरून यायचं. साथीच्या दिवसांत आजी त्या वाड्यातल्या बाळंतिणीजवळ राहिली होती, जेव्हा घरातली माणसं दारातून आत यायला धजत नव्हती. वाड्यातलं कोणी कधी आमच्या ख्रिस्ती देवळात आलं नाही. पोतं मात्र चुकलं नाही, आजी गेल्यावरही येत राहिलं. लिलावात त्याला सगळ्यात जास्त बोली लागायची आणि पाळकसाहेब त्या घरासाठी उभं राहून प्रार्थना करायचे. आजीच्या कामाच्या अहवालात हे पोतं कुठेही नाही, तिथे भेट दिलेली गावं आणि सांगितलेल्या गोष्टींचे आकडे आहेत. आजीला काय वाटेल ते मी सांगू शकत नाही. पण सुगीच्या दिवशी ती त्या पोत्याजवळच बसायची, हे मी पाहिलेलं आहे.

मत्तयाच्या शेवटच्या अध्यायातली, सर्व राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करा ही आज्ञा मी पुसलेली नाही. कोणी विचारलं तर सांगते, आडपडदा न ठेवता सांगते. जेवणाआधी डोळे का मिटता, असं काकूंच्या नातीने विचारलं तेव्हा येशूचं नाव घेऊनच सांगितलं. पण 'न सांगता विचारणार कोण' हा तुमचा प्रश्न उरतोच आणि त्यावर तुमचं समाधान होईल असं उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्यासारखे लोक पायी हिंडले नसते तर कितीतरी घरांना विचारायचंही सुचलं नसतं, हे मला मान्य आहे. फक्त, विचारायला येईल असं घर आपण आधी त्याचे उपकार घेऊन जोडावं, की त्याच्या दारात उभं राहून आपलंच द्यावं, इथे आपली तोंडं दोन दिशांना आहेत. तशीच राहू द्या.

तुमच्या प्रतिक्रियेत शेवटी तुम्ही एक प्रसंग लिहिलात. कुठल्याशा गावात कोणी पत्रिका हातात घेईना, उन्हात दिवस फुकट गेला, आणि निघताना एका म्हातारीने तुम्हा सगळ्यांना ताक पाजलं. अशा कठीण जमिनीतही प्रभू काम करतो, याचा दाखला म्हणून तुम्ही तो दिलात. मी तो वाचला आणि मला तुमच्या फेरीतला तोच भाग सगळ्यात मोठा वाटला. दिवस फुकट गेला म्हणता, मग ताक कुणाचं प्यालात? म्हातारीचं नाव तुम्ही लिहिलं नाहीत. लक्षात असेल तर कळवा.

जानेवारीच्या फेरीला पोरं किती येणार तेही कळवा. त्यांच्या दुपारच्या जेवणाचं मी बघते, पत्रिकांचा खर्च तुमचा तुम्ही करा.