वेळापत्रक आलंय, रजा टाकून मोकळे व्हा

प्रीमियर लीगचं, म्हणजे इंग्लंडच्या अव्वल फुटबॉल लीगचं, नवं वेळापत्रक जाहीर झालं की खऱ्या चाहत्यानं सर्वांत आधी त्यावर विश्वास ठेवावा. पूर्ण विश्वास. आपल्या संघाचे ३८ सामने, १९ घरी म्हणजे आपल्या मैदानावर, १९ बाहेर, प्रत्येकासमोर ठसठशीत तारीख. खाली बारीक अक्षरांत तारखा बदलू शकतात असं काहीतरी लिहिलेलं असतं, तिकडे बघू नका. उगाच मन कलुषित होतं.

मग वही घेऊन गुण मांडायला बसा. दुबळा संघ घरी आला की विजयाचे तीन, बलाढ्य संघाच्या घरी गेलो की शून्य. २०२४ च्या नोव्हेंबरात टॉटनहॅमच्या चाहत्यांनीही हेच मांडलं असणार. घरी इप्सविच, ज्यांनी तोवर लीगमध्ये एकही सामना जिंकला नव्हता : तीन. पुढचा सामना मँचेस्टर सिटीच्या मैदानावर : शून्य. प्रत्यक्षात इप्सविचनं त्यांना २-१ असं हरवलं आणि टॉटनहॅमनं सिटीला ४-० असं धुतलं. बेरीज तीनच आली ना? पद्धत बिनचूक आहे, शंका घेऊ नका.

सुरुवातीचे सामने अवघड दिसले तर वेळापत्रक बनवणाऱ्या संगणकानं आपल्याच संघावर डूख धरलाय, असं ठामपणे सांगा. प्रत्येकाला उरलेल्या १९ संघांशी दोन-दोनदाच खेळायचं असतं, असं कुणी शहाण्यानं म्हटलं तर त्याला ग्रुपमधून काढा.

डिसेंबरचं पान उघडू नका, सामन्यांची गर्दी बघवणार नाही.

शेवटचा सामना घरी असेल तर विजेतेपदाच्या मिरवणुकीचा मार्ग आत्ताच ठरवून टाका.

आता मुख्य सल्ला, रजेचा. डर्बीची, म्हणजे शेजारच्या हाडवैऱ्याशी होणाऱ्या सामन्याची, तारीख दिसली रे दिसली की घरात जाहीर करा, ऑफिसात कळवा, मित्रांना बोलवा. मी यंदा तेच केलं. शनिवार, हिवाळा, तिकडे इंग्लंडात दुपारचे तीन म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेआठ. जेवणाची सुंदर वेळ. पुढे काय झालं ते तुम्हाला ठाऊकच आहे. सामना सोमवारी रात्री आठला गेला. तिकडच्या आठला. म्हणजे आपला मंगळवार उजाडल्यावर, मध्यरात्री दीड वाजता! का? तर टीव्हीवाल्यांना तो सोमवारी हवा होता. पत्रिका वाटून झाल्यावर मुहूर्त हलवणाऱ्या यजमानाला पाहुणे तोंडावर चार शब्द सुनावतात तरी. इथे सुनवायचं कुणाला?

आणि यात अचानक काही घडलेलं नसतं, हेच जास्त डोक्यात जातं. ब्रिटनमध्ये शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात फुटबॉलचं थेट प्रक्षेपण करायला बंदी आहे, खालच्या लीगच्या मैदानांवर लोक यावेत म्हणून. हेतू चांगलाच आहे. (गंमत म्हणजे तीनचा सामना तिथल्या माणसाला घरी दिसत नाही, आपल्याला दिसतो.) पण २०२५-२६ पासून तिथल्या वाहिन्यांना हंगामातल्या ३८० पैकी किमान २६७ सामने दाखवायचेत. चार वर्षांचे ६.७ अब्ज पौंड मोजलेत त्यांनी. म्हणजे तेवढे सामने शनिवारी तीनला ठेवताच येत नाहीत. मग लीगवाल्यांनो, जूनमध्ये शनिवार-तीन-शनिवार-तीन असं जे छापता, त्यातलं बहुतेक हलणार हे छापणाऱ्याला पक्कं माहीत असतं. तरी छापता? कोणासाठी?

'तू तर सोफ्यावर लोळत बघतोस, तुला काय झालं?' असं एकानं मला ऐकवलं. बरोबर आहे. माझी फक्त झोप गेली. पण २०२३ मध्ये वुल्व्ज-चेल्सी सामना २४ डिसेंबरला ठेवला, तेव्हा चेल्सीच्या चाहत्यांनी ऐन नाताळच्या तोंडावर लंडनहून वुल्व्हरहॅम्प्टन गाठायचं आणि परतायचं होतं. १९९५ नंतर प्रीमियर लीगमध्ये त्या तारखेला सामना झालाच नव्हता. चाहत्यांच्या संघटना ओरडल्या. सामना व्हायचा तो झालाच. सोमवारी रात्री दहाला शेवटची शिट्टी वाजल्यावर देशाच्या दुसऱ्या टोकाला परत कसं जायचं, हे विचारायची तसदी कुणी घेतो का? आणि भरलेल्या स्टँडमधला आवाज मात्र हवा, त्याच्याशिवाय तुमचं प्रक्षेपण मुकं वाटतं. करोनाच्या काळात रिकाम्या खुर्च्यांसमोर खेळून बघितलंत ना? नकली आवाज लावावा लागला होता.

लाज वाटू द्या थोडी. ३८० सामन्यांचं सोडा, डर्बी कुठल्या आहेत हे तर जूनमध्येच कळलेलं असतं. त्या कोण दाखवणार, कधी दाखवणार, हे तेव्हाच बसून ठरवायला काय धाड भरते? सीझन तिकिटाचे पैसे हंगामाआधीच घेता, तेव्हा कुणाला म्हणता का, की रक्कम नंतर कळवतो?