इमारत उभी आहे, म्हणून रुग्णालय ठीक आहे असे नाही

सार्वजनिक रुग्णालयाच्या जुन्या इमारती पाडून नव्या बांधायचा आराखडा जाहीर झाला, की आठवडाभरात एक संदेश हातोहात फिरू लागतो. शब्द थोडे बदलतात, सूर तोच असतो. ‘इमारत भक्कम आहे, साठ वर्षांत काही झाले नाही. जुन्या लोकांनी बांधलेले वॉर्ड हवेशीर आहेत. डागडुजी आणि रंग एवढे पुरे. पुनर्विकास हे नुसते निमित्त. आधी खाटा कमी करायच्या, मग तात्पुरते म्हणून रुग्णालय हलवायचे आणि शेवटी जागा खासगी माणसाच्या घशात घालायची. त्यापेक्षा त्या पैशांत डॉक्टर नेमा.’

हा संदेश पुढे पाठवणारी माणसे मला परकी वाटत नाहीत. ज्यांना दुसरीकडे जाणे परवडत नाही, त्यांना हाच एक आधार असतो आणि तो हातचा जाईल ही भीती खोटी नाही. पण या मजकुरात रास्त भीती आणि चुकीची माहिती अशी कालवली गेली आहे, की जे विचारायला हवे ते कोणी विचारत नाही आणि जे थांबू नये ते थांबवायला सगळे पुढे येतात. म्हणून एकेक दावा सुटा करून पाहतो.

‘साठ वर्षे उभी आहे, आता काय होणार?’

काँक्रीट वरून दिसते तसे आत असतेच असे नाही. चांगल्या काँक्रीटच्या अल्कधर्मी गुणामुळे आतली सळई गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत मुरत जातो आणि हे कवच निकामी करतो. मग पाणी पोहोचले की गंज धरतो. गंजाला मूळ पोलादाच्या दुपटीहून जास्त जागा लागते, त्यामुळे तो आतून काँक्रीट फोडतो. छताचे पोपडे पडतात, सळया उघड्या दिसू लागतात त्या यामुळे. रुग्णालयात धुणे-पुसणे, स्वच्छतागृहे, निर्जंतुकीकरण सगळे चोवीस तास चालू असते. एवढे पाणी कुठल्याही घरात वापरले जात नाही. म्हणून ‘आमचे घर तेवढेच जुने आहे आणि ठणठणीत आहे’ ही तुलना इथे लागू होत नाही. इमारत भक्कम आहे का, हे काँक्रीटचा गाभा कापून केलेली दाबचाचणी, ध्वनिलहरींची चाचणी आणि सळईच्या गंजाची विद्युत चाचणी यांच्या आकड्यांवरून कळते. संदेशात यातला एकही आकडा नसतो.

याहून महत्त्वाचे म्हणजे, साठ वर्षे काही झाले नाही याचा अर्थ साठ वर्षांत परीक्षेची वेळ आली नाही, एवढाच. भूजचे सरकारी रुग्णालयही २६ जानेवारी २००१ च्या सकाळपर्यंत उभेच होते. त्या दिवशी भूकंपात ते कोसळले आणि जखमींचा लोंढा आला तेव्हा उघड्या मैदानावर उपचार करावे लागले. मेक्सिको सिटीत १९ सप्टेंबर १९८५ ला हुआरेस रुग्णालयाची बहुमजली इमारत पडली, तेव्हा रुग्णांबरोबर डॉक्टर आणि परिचारिकाही ढिगाऱ्याखाली गेल्या. म्हणूनच आयएस १८९३ या भारतीय भूकंपविषयक मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत ‘महत्त्व गुणक’, म्हणजे इमारतीच्या महत्त्वानुसार भूकंपाचा भार किती पट धरायचा तो आकडा, साध्या इमारतीसाठी १ आहे, तर रुग्णालयासाठी १.५. घर माणसांच्या अंगावर पडले नाही, तरी खूप झाले. रुग्णालयाला मात्र त्याच संध्याकाळी शस्त्रक्रिया करायच्या असतात. भूजचे नवे रुग्णालय शिसे आणि रबराच्या बेअरिंगवर उभारले आहे ते एवढ्यासाठीच: जमिनीचा धक्का इमारतीपर्यंत पूर्ण पोहोचू नये.

इथे पुनर्विकासाच्या बाजूच्या लोकांनाही एक सांगायला हवे. ‘जुनी म्हणजे धोक्याची, नवी म्हणजे सुरक्षित’ हेही खरे नाही. कॅलिफोर्नियातले ऑलिव्ह व्ह्यू रुग्णालय ९ फेब्रुवारी १९७१ च्या भूकंपात दुरुस्तीपलीकडे मोडले, तेव्हा ते नुकतेच सुरू झाले होते. ते पाडून अधिक मजबूत बांधले. १७ जानेवारी १९९४ च्या भूकंपात सांगाडा तरला, पण आतले पाण्याचे नळ फुटले आणि रुग्णांना बाहेर काढावेच लागले. भिंती शाबूत राहिल्या तरी रुग्णालय बंद पडू शकते, हे त्या दिवशी कळले.

‘डागडुजी आणि रंग एवढे पुरे.’

रंगाचे सोडून देऊ, त्याने गंज झाकला जातो, थांबत नाही. पण दुरुस्तीचा मुद्दा गंभीरपणे घ्यायला हवा. जुनी इमारत मजबूत करता येते. खांबांना जॅकेटिंग करतात, म्हणजे बाहेरून नव्या काँक्रीटचे वेष्टण घालतात, नव्या काँक्रीट भिंती घालतात, आणि कार्यालयासाठी हा उपाय अनेकदा नव्या बांधकामापेक्षा शहाणपणाचा ठरतो. रुग्णालयात मात्र अडचण येते. जॅकेटिंगने खांब जाड होतात आणि जुने बोळ आणखी अरुंद होतात. समोरासमोरून दोन खाटा जायच्या तर बोळ सुमारे २.४ मीटर रुंद हवा. लिफ्टमध्ये खाट, ऑक्सिजनचा सिलिंडर, मॉनिटर आणि सोबत दोन माणसे मावायला हवीत. कित्येक जुन्या लिफ्टमध्ये स्ट्रेचरसुद्धा तिरके करून घालतात. एमआरआयच्या चुंबकाचे वजन काही टन असते, ते जुन्या स्लॅबने पेलायला हवे. शस्त्रक्रियागृहात दर तासाला साधारण २० वेळा हवा बदलायची, तर हवा वाहून नेणाऱ्या जाडजूड डक्टसाठी छताखाली जागा लागते. जुन्या मजल्याची उंची वाढवता येत नाही.

आगीचाही विचार करा. अतिदक्षता विभागातला माणूस जिना उतरून पळू शकत नाही. म्हणून चांगल्या रुग्णालयात एकेक मजला अग्निरोधक भिंतींनी भागांत वाटलेला असतो आणि आग लागली की रुग्णाला त्याच मजल्यावर शेजारच्या भागात ढकलत नेतात. कोलकात्याच्या आमरी रुग्णालयात डिसेंबर २०११ मध्ये तळघरात आग लागली आणि धूर वर वॉर्डांत शिरला. नव्वदच्या आसपास माणसे गेली, बहुतेक धुराने गुदमरून. असे विभाग आणि धूर अडवण्याची सोय मुळातल्या आराखड्यात लागते. रंगकामाच्या वेळी ती आठवून उपयोग नसतो.

आणि डागडुजीवाल्यांच्या ध्यानात न आलेली एक गोष्ट: मोठी दुरुस्ती करायची तरी वॉर्ड रिकामा करावा लागतो. ताज्या टाक्यांच्या रुग्णाच्या डोक्यावर ड्रिल चालवता येत नाही. म्हणजे ज्या स्थलांतराला घाबरून दुरुस्ती मागायची, ते स्थलांतर दुरुस्तीतही आहेच.

दुरुस्तीवर दुरुस्ती करत राहिले की काय होते, ते इंग्लंडमध्ये दिसते. तिथे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक रुग्णालयांची छते हवेचे बुडबुडे असलेल्या हलक्या काँक्रीटच्या फळ्यांची बांधली. त्यांचे आयुष्य साधारण ३० वर्षे धरले जाते. किंग्ज लिनच्या क्वीन एलिझाबेथ रुग्णालयात ती छते हजारो टेकू लावून धरून ठेवावी लागली. वॉर्डातून चालताना खाटांच्या मधोमध टेकू. याला भक्कम म्हणायला माझी जीभ वळत नाही.

‘जुने वॉर्ड हवेशीर आहेत.’

यात तथ्य आहे आणि ते नाकारू नये. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी पुरस्कार केलेल्या लांबलचक, उंच छताच्या, समोरासमोर खिडक्यांच्या वॉर्डांनी प्रतिजैविके नसलेल्या काळात माणसे वाचवली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शिकेत नैसर्गिक वायुवीजनाला स्थान आहे: साध्या वॉर्डात दर रुग्णामागे सेकंदाला ६० लिटर हवा, हवेतून पसरणाऱ्या रोगांच्या खोलीत १६०. पण आपण ज्याला जुना वॉर्ड म्हणतो तो तसा उरलेला असतो का? व्हरांडा बंद करून तिथे रेकॉर्ड ठेवलेले, मधे प्लायवूडचे आडोसे, निम्म्या खिडक्यांत एसीची यंत्रे, आणि दोन खाटांच्या मधे जमिनीवर तिसरी गादी. बांधणाऱ्यांनी दिलेली हवा आपणच बंद केली आहे. नव्या आराखड्यात मोकळ्या हवेचे वॉर्ड मागावेत, ही मागणी मी आनंदाने उचलून धरेन.

‘खाटा कमी होणार म्हणजे सेवा कमी होणार.’

खाटांचा आकडा एकट्याने काही सांगत नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर पूर्वी कित्येक दिवस डोळ्यांवर पट्टी बांधून पडून राहावे लागे, आता माणूस त्याच दिवशी घरी जातो. दुर्बिणीतून पित्ताशय काढले की एक-दोन दिवसांत सुटी. तीच खाट आता जास्त रुग्णांच्या कामी येते. तरीही अतिदक्षता, प्रसूती आणि नवजात विभागांतल्या खाटा कमी होत असतील तर ती खरी कपात आहे, तिथे हटून बसावे. एकूण बेरीज न मागता विभागवार तक्ता मागा: आज किती, बांधकामाच्या काळात किती, नंतर किती.

‘तात्पुरते हलवतात ते कायमचेच.’

या मुद्द्यावर मी संदेशाच्या बराच जवळ आहे. मुदती पाळल्या जात नाहीत, हा अनुभव जगभरचा आहे. लिव्हरपूलचे नवे रॉयल रुग्णालय २०१७ मध्ये सुरू व्हायचे होते. जानेवारी २०१८ मध्ये कंत्राटदार कंपनी कॅरिलियन बुडाली, बांधलेल्या सांगाड्यातच दोष सापडले आणि रुग्ण आत गेले ते ऑक्टोबर २०२२ मध्ये. ब्रिटिश सरकारने २०२० मध्ये २०३० पर्यंत ४० नवी रुग्णालये देऊ असे सांगितले होते. तो वायदाही पुढे ढकलला गेला.

पण लिव्हरपूलमध्ये एक गोष्ट बरोबर झाली होती. नवी इमारत जुनीच्या शेजारी उभी राहत होती आणि तोवर जुनी चालू होती. पाच वर्षे उशीर झाला, तरी रुग्ण रस्त्यावर आले नाहीत. खरा प्रश्न क्रमाचा आहे. आधी मोकळ्या जागेवर नवे बांधा, रुग्ण हलवा, मग जुने पाडा. जिथे आधी पाडायचे आणि मग निधीची वाट पाहायची असा बेत असेल, तिथे विरोध करायलाच हवा, आणि मी त्या विरोधात उभा राहीन. आपत्कालीन विभाग, प्रसूती आणि डायलिसिस एक दिवसही बंद राहणार नाही, हे लेखी आणि तारखांसह असावे.

‘त्या पैशांत डॉक्टर नेमा.’

बांधकामाचा पैसा एकदाच मिळतो, पगार दर महिन्याला लागतो. एकाचा निधी दुसऱ्याकडे सहसा वळवता येत नाही. इमारत अडवली म्हणून डॉक्टर येत नाहीत. मात्र इमारतीच्या मंजुरीबरोबरच पदांची मंजुरी मागावी. नव्या शस्त्रक्रियागृहाला भूलतज्ज्ञ नसेल तर त्याला कुलूपच लागते.

‘जागा खासगी माणसाच्या घशात.’

ब्रिटनने १९९२ पासून खासगी भांडवलातून रुग्णालये बांधण्याची पद्धत चालवली. सुरुवातीच्या अनेक प्रकल्पांत खाटा घटल्या, हप्ते दशकानुदशके चालू राहिले, आणि २०१८ मध्ये सरकारने ही पद्धत नव्या करारांसाठी बंद केली. भीतीला आधार आहे. पण प्रत्येक पुनर्विकास तसा नसतो, आणि तो तसा आहे की नाही हे करारात लिहिलेले असते: जमीन कोणाच्या नावावर, किती जागा व्यापारी वापराला, देखभाल कोणाकडे, शुल्क कोण ठरवणार. संशय घेणाऱ्याने करार मागावा. संदेश पुढे ढकलून करार बदलत नाही.

संदेशात ज्याचा उल्लेखच नसतो, त्याची मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते. जुन्या भिंती पाडताना उडणाऱ्या धुळीत अ‍ॅस्परजिलस नावाच्या बुरशीचे बीजाणू असतात. धडधाकट माणसाला त्यांचे सहसा काही होत नाही. कर्करोगाचे उपचार घेणाऱ्याच्या किंवा अवयव रोपण झालेल्याच्या फुप्फुसात ते जीवघेणे ठरू शकतात. म्हणून पाडकामापूर्वी संसर्गाच्या धोक्याचा लेखी आढावा, मजबूत पडदी, धूळ बाहेर खेचणारी यंत्रे, पाण्याचे फवारे आणि त्या बाजूच्या नाजूक रुग्णांचे स्थलांतर हे सगळे ठरलेले असावे लागते. लोकांसमोर आराखडा मांडला जातो तेव्हा नव्या प्रवेशद्वाराचे चित्र असते, हा कागद नसतो.

तसाच दुसरा कागद शेवटच्या दिवसाचा. एडिंबरामधले मुलांचे नवे रुग्णालय जुलै २०१९ मध्ये उघडायचे होते. मुलांना हलवायला काही दिवस उरले असताना कळले, की अतिदक्षता विभागात तासाला १० वेळा हवा बदलायला हवी ती ४ वेळाच बदलते आहे. मंत्र्यांनी स्थलांतर थांबवले. चूक दुरुस्त करून रुग्णालय पूर्ण सुरू व्हायला मार्च २०२१ उजाडला. इमारत नवी कोरी होती, चावी हातात होती, लोकांचा रोष होता, तरी मोजलेल्या आकड्याने निर्णय बदलला. आपल्या रुग्णालयाच्या हवेची, पाण्याची, वीजपुरवठ्याची आणि आग-धुराची अशी मोजणी पहिला रुग्ण हलण्याआधी करून तिचा अहवाल दारावर लावला जाणार आहे का, हे आराखडा मांडला जाईल त्याच बैठकीत विचारायला हवे.