लॅपटॉपमधले पोटभाडेकरू

लॅपटॉप विकताना दुकानदारानं बॅग दिली, माउस फुकट दिला, वॉरंटीच्या कागदावर शिक्का मारला. आत आधीपासून बिऱ्हाडं आहेत, हे मात्र तो बोलला नाही. विंडोजचं बटण आणि ‘आर’ एकदम दाबायचं, छोट्या चौकटीत ‘सर्व्हिसेस डॉट एमएससी’ लिहून एंटर मारायचा, की पागडीच्या जुन्या वाड्याचं दार उघडतं. पाटीवर नाव मालकाचं, वीजबिल मालकाचं, आणि आत दोनशेच्या आसपास मंडळी मुक्कामाला. यांना सर्व्हिसेस म्हणतात: पडद्यामागे गुपचूप चालणारे छोटे प्रोग्रॅम.

फॅक्स नावाचे एक गृहस्थ आहेत. आमच्या खानदानात कुणी कुणाला फॅक्स केलेला नाही. एक्सबॉक्सची चार भावंडं आहेत. घरात खेळ म्हणजे आईचं सॉलिटेअर. ‘रिटेल डेमो’ म्हणून एक आहे. लॅपटॉप दुकानात मांडलेला असताना गिऱ्हाइकाला भुलवणं हे त्याचं काम. गिऱ्हाईक भुललं, पैसे देऊन मोकळं झालं, तरी हा जागा सोडत नाही.

प्रत्येकाच्या नावाशेजारी त्याच्या कामाचं वर्णन असतं. ते वाचून कुणाला काही कळावं, अशी लिहिणाऱ्याची इच्छा दिसत नाही. शेवट तेवढा बहुतेकांचा सारखा: ही सर्व्हिस बंद केल्यास तिच्यावर अवलंबून असलेल्या सर्व्हिसेस सुरू होणार नाहीत. म्हणजे एकाला हात लावाल तर चौघं अंगावर येतील. कोण कुणाच्या जिवावर आहे हे पाहायला ‘डिपेन्डन्सीज’ नावाचं पान आहे. ते ‘रिमोट प्रोसिजर कॉल’चं उघडून बघावं. अर्धा वाडा त्याचं नाव सांगून राहतो. त्याला थांबवायचं बटण आहे, पण ते करड्या रंगाचं, न दाबलं जाणारं.

दिवाळीला भाचा आला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे आत्मविश्वास अंतिम वर्षाचा. लॅपटॉप हळू चालतो हे ऐकताच त्यानं चकलीचा हात पुसला आणि म्हणाला, “मामा, एवढी माणसं पोसतोस कशाला?”

घर सोडायची पहिली नोटीस ‘सिसमेन’ला गेली. आपण कुठले प्रोग्रॅम वारंवार उघडतो हे ध्यानात ठेवून ते आधीच मेमरीत आणून ठेवायचं त्याचं काम. विंडोज व्हिस्टाच्या जमान्यात हाच ‘सुपरफेच’ म्हणून राहायचा. २०१८ मध्ये विंडोज १० च्या एका आवृत्तीत नाव बदललं. नाव बदलून त्याच खोलीत राहणारा माणूस भाच्याला पटला नाही. मग ‘विंडोज सर्च’. मग ‘डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग’. “ऑटो कशाला? आपण हातानं करू की.” शेवटी ‘प्रिंट स्पूलर’, म्हणजे छापायच्या फायली रांगेत लावून प्रिंटरकडे धाडणारा. त्यासाठी मात्र त्यानं व्याख्यान दिलं: २०१० मध्ये उघडकीला आलेला स्टक्सनेट हा व्हायरस पसरला त्या वाटांपैकी एक स्पूलरमधून जात होती, आणि २०२१ मध्ये स्पूलरमधलं ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाचं भगदाड निघालं तेव्हा ज्याला छापायचं नाही त्यानं स्पूलर बंदच ठेवावा, असं तज्ज्ञ सांगत होते. मी म्हटलं, “अरे, पण मला छापायचं असतं.” तो म्हणाला, “मामा, आजकाल कोण छापतं?” आणि फराळाचे डबे घेऊन होस्टेलला गेला.

छापते आमची आई. नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला असतो. आता तो मोबाइलला चेहरा दाखवून घरबसल्या होतो, बँकेला परस्पर दिसतो, कागद लागत नाही. हे मी आईला सांगितलं. “मी जिवंत आहे हे कपाटात ठेवायला नको?” आई म्हणाली. यावर उत्तर नव्हतं. मी लॅपटॉप उघडला.

वाय-फाय नव्हतं. म्हणजे शेजाऱ्याचंही दिसत नव्हतं. ‘डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग’ नसेल तर विंडोजच्या लेखी वाय-फाय नावाची वस्तूच जगात नाही. ते मोबाइलवर वाचून त्याला हातापाया पडून परत आणलं. पुढे प्रिंटरच गायब. स्पूलर सुरू केला, तर दिवाळीपासून अडकलेला भाच्याचा प्रोजेक्ट छापायला सुरुवात. रद्द केला तर ‘डिलीटिंग’ असं लिहून आला आणि तसाच बसला. यावरचा उतारा ठरलेला आहे: स्पूलर थांबवा, विंडोजच्या ‘सिस्टिम३२’ फोल्डरमध्ये शिरा, त्यात ‘स्पूल’, त्यात ‘प्रिंटर्स’, तिथल्या सगळ्या फायली उडवा, स्पूलर पुन्हा सुरू करा. खोली फक्त तो बाहेर असतानाच झाडायची. आईचा दाखला निघाला. आईनं नाव तपासलं, जन्मतारीख तपासली आणि म्हणाली, “फिकट आलंय.”

या निमित्तानं मी यादी नीट वाचली. ‘मॅन्युअल’ म्हणजे आपण सुरू करायचं असं वाटतं. तसं काही नाही, दुसऱ्या कुणाला गरज पडली की तो त्याला परस्पर उठवतो. ‘ऑटोमॅटिक, डिलेड स्टार्ट’ म्हणजे येणार नक्की, पण बाकीचे कामाला लागल्यावर दोनेक मिनिटांनी. हा प्रकार माझ्या ऑफिसात चांगला रुजलेला आहे. ‘रिकव्हरी’ हे पान तर मी आदरानं वाचलं. सर्व्हिस पहिल्यांदा कोसळली तर काय करायचं, दुसऱ्यांदा काय, त्यापुढच्या सगळ्या वेळांना काय, याची आधीच तरतूद. काही करू नका, हाही एक पर्याय. आमच्या घरात कुणाच्या अपयशाचा इतका सुसूत्र विचार झालेला नाही.

पण बंद करावासा वाटतो तो एकच, भर मीटिंगमध्ये लॅपटॉप रीस्टार्ट करू पाहणारा ‘विंडोज अपडेट’. त्याला डिसेबल केलं की काही दिवसांनी तो पुन्हा हजर. कारण त्याची काळजी घ्यायला ‘अपडेट मेडिक’ नावाचा खासगी वैद्य ठेवलेला आहे. म्हणून वैद्यालाच डिसेबल करायला गेलो. ‘अ‍ॅक्सेस इज डिनाइड.’ मी या यंत्राचा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर आहे. तसं यंत्रच सेटिंग्जमध्ये माझ्या नावाखाली लिहून दाखवतं.

रात्री भाच्याला फोन केला.

“मामा, मग विंडोज काढून सरळ लिनक्स टाक.”

“त्यात सर्व्हिसेस नसतात?”

“असतात ना. सिस्टिमडी सांभाळतं. काळ्या खिडकीत कमांड लिहून बंद करायच्या.”

“आणि बंद केल्यावर बंद राहतात?”

“डिसेबल केल्या तर दुसरी कुठली तरी त्यांना उठवू शकते. पक्कं बंद करायचं तर मास्क करावं लागतं.” जरा थांबून म्हणाला, “मामा, माझा प्रोजेक्ट छापून पाठवतोस का? कॉलेजला हार्ड कॉपी लागते म्हणे.”